सर्व्हर आपला, क्लाउड भाड्याचा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी हायब्रिड क्लाउडचा (काही काम आपल्या सर्व्हरवर, काही इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर, आणि दोन्ही जोडलेले) ओझरता उल्लेख केला आणि ‘पुढं कधीतरी सांगतो’ म्हणून सटकलो. वाचकांनी सटकू दिलं नाही. आलेल्या पत्रांतली पाच इथं घेतली आहेत. कारखान्यांची नावं मुद्दाम काढली आहेत. आपलं सोलापूर एवढं लहान, की नुसती पेठ सांगितली तरी मालक ओळखू येतो.

प्रश्न: चिंचोली एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. दोन सर्व्हर, त्यांवर अकरा व्हर्च्युअल मशीन (एका सर्व्हरच्या पोटात चालणारे वेगवेगळे संगणक). मालकांचा मुलगा शिकून आलाय, तो म्हणतो सगळं क्लाउडवर टाका. मालक म्हणतात, एक कागदही गेटच्या बाहेर जायचा नाही. ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर) वापरून हायब्रिड क्लाउड उभा करावा असं मला वाटतं. आपल्याच सर्व्हरवर क्लाउड उभा करायचं ओपनस्टॅक घेऊ का? (आयटी प्रमुख, म्हणजे विभागात मी एकटाच)

कंसातलं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलंत, पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच आहे. त्याकडं येतो.

अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडच्या व्याख्या छापल्या. त्यातला हायब्रिड म्हणजे दोन किंवा जास्त क्लाउड, प्रत्येकाची चूल वेगळी, पण डेटा आणि प्रोग्रॅम इकडून तिकडं नेता येतील असे जोडलेले. कारखान्यात सर्व्हर आहे आणि मालकांच्या मोबाइलवर फोटो क्लाउडला जातात, याला हायब्रिड म्हणत नाहीत. सगळी गोम ‘जोडलेले’ या शब्दात आहे.

सोलापूरकराला यासाठी परदेशी उदाहरण लागू नये. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाबरोबर एका फ्रिक्वेन्सीवर आलं. त्याच्या दीड वर्ष आधी, जुलै २०१२ च्या अखेरीस उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला, तेव्हा दक्षिणेचे दिवे चालू होते. कारण ती त्या तालात बांधलेलीच नव्हती. जोडलं की अडचणीला शेजारचा धावून येतो हे खरं, पण शेजारचं दुखणंही त्याच तारेवरून घरात येतं. तेव्हा प्रश्न एवढाच, की तुमचा सर्व्हर आणि भाड्याचा क्लाउड किती घट्ट बांधायचा.

मी सैल बांधतो. कारण साधं गणित आहे. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंद. हे कागदावर. माझ्या हपिसातून प्रत्यक्षात पंधराच्या खाली येत नाही, कारण केबल काही एसटीच्या रस्त्यानं जात नाही आणि मध्ये दहा ठिकाणी थांबते. आता तुमच्या ईआरपीत (कारखान्याचा सगळा व्यवहार सांभाळणारा प्रोग्रॅम) माल पाठवायचं एक चलन काढायला प्रोग्रॅम डेटाबेसला समजा शंभर वेळा विचारतो. शंभर गुणिले पंधरा, दीड सेकंद. चलन काढणारे चौघे असतील आणि गेटवर ट्रक उभा असेल, तर तो दीड सेकंद फार लांब होतो. म्हणून प्रोग्रॅम आणि त्याचा डेटाबेस नेहमी तारेच्या एकाच बाजूला ठेवा. ईआरपी आणि मागांची नोंद इथं. वेबसाइट, मेल, परदेशी गिऱ्हाईक ऑर्डर बघतं ते पोर्टल तिकडं. आणि ईआरपीच्या डेटाबेसची मागोमाग चालणारी प्रत तिकडं, जी दोन-चार सेकंद मागं राहिली तरी चालेल. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर ही सोय त्यातच आहे. दोन्ही बाजूंना वायरगार्डचा बोगदा (इंटरनेटवरूनच जाणारा, पण बाहेरच्याला वाचता न येणारा खासगी रस्ता) टाका. २०२० पासून तो लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे, वेगळं काही विकत घ्यायला नको.

आता ओपनस्टॅक. २०१० मध्ये रॅकस्पेस आणि नासा यांनी मिळून सुरू केलं. जिनिव्हाजवळची सर्न ही प्रयोगशाळा २०१३ पासून त्यावर चालते. म्हणजे माल उत्तम आहे. पण तो एक प्रोग्रॅम नाही, बारा बलुतेदारांचं गाव आहे. मशीन चालवणारा नोव्हा, नेटवर्कचा न्यूट्रॉन, डिस्कचा सिंडर, ओळखपत्र तपासणारी कीस्टोन, डिस्क-इमेजेस ठेवणारं ग्लान्स, समोरची खिडकी होरायझन. या सगळ्यांखाली एक डेटाबेस आणि निरोपांची एक रांग. एखादं मशीन सुरू झालं नाही तर सहा जणांचे लॉग (नोंदवह्या) उघडून कुणी कुणाचा निरोप ऐकला नाही ते शोधायचं. वर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती.

मी हे तीन जुन्या मशीनवर हौसेनं उभं केलं होतं. पहिलं व्हर्च्युअल मशीन सुरू झालं त्या रात्री बायकोला उठवून दाखवलं. पुढचे दोन महिने न्यूट्रॉननं मला झोपू दिलं नाही. शेवटी कळलं की दोन नेटवर्क कार्डांवर पॅकेटचा आकार वेगवेगळा ठेवला होता. चूक माझीच, पण ती सापडायला दोन महिने लागले. कारखान्यात तेवढे दिवस कोण देतो? तुमच्याकडं पाच-सहा कंपन्या एका छताखाली असत्या, रोज कुणीतरी ‘मला मशीन दे’ म्हणून उभं असतं, सर्व्हर तीस असते आणि तुम्ही चौघे असता, तर मीच म्हटलं असतं घ्या. अकरा मशीन आणि एक माणूस? नको.

तुमच्यासाठी प्रॉक्समॉक्स, व्हर्च्युअल मशीन चालवायचं साधं सॉफ्टवेअर. व्हिएन्नाच्या कंपनीनं २००८ मध्ये पहिल्यांदा बाहेर काढलं, खाली डेबियन हे लिनक्स, आत मशीन प्रत्यक्ष चालवणारा केव्हीएम. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे, म्हणजे कंपनी उद्या राहिली नाही तरी तुमची मशीन ज्यावर चालतात तो पाया राहतो. मूळ सॉफ्टवेअर फुकट, मदत आणि तपासलेले अपडेट हवे असतील तर प्रोसेसरच्या सॉकेटमागं वर्षाची वर्गणी. मी गिऱ्हाइकांना वर्गणी घ्यायलाच लावतो.

तिसरा सर्व्हर विकत घ्या. का ते पुढच्या पत्रात आहे. तीन झाले की डिस्कसाठी सेफ (Ceph, सगळ्या सर्व्हरच्या डिस्क मिळून एक साठा करणारं सॉफ्टवेअर) वापरता येईल. हे नाव ऐकून एका मालकांना वाटलं मी ‘सुरक्षित’ म्हणतोय. नाव ऑक्टोपसच्या, म्हणजे सेफॅलोपॉडांच्या, कुळावरून आलंय. सेज वील यांच्या कॅलिफोर्नियातल्या पीएचडीतून हे निघालं. प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तो तीन सर्व्हरवर ठेवतो. म्हणजे तिन्ही सर्व्हरमध्ये चार-चार टीबी घातले तर हाती बाराऐवजी चार येतात, आणि ८५ टक्के भरलं की तो कुरकुरायला लागतो. हा हिशोब मालकांना आधीच सांगा, नाहीतर ‘आठ टीबी कुठं गेले’ हा प्रश्न तुम्हाला निवृत्तीपर्यंत पुरेल. सेफ लिहिताना सगळ्या प्रतींची पोच आल्यावरच ‘झालं’ म्हणतो, म्हणून त्याचा एक पाय सोलापुरात आणि एक पुण्यात ठेवायची कल्पना कुणी सुचवली तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणखी एक, जे कुठल्याही माहितीपत्रकात मिळणार नाही. टॉवेलच्या कारखान्यात हवेत तंतू असतो. अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात सर्व्हर दुपारी तीनला आपोआप बंद व्हायचा, फक्त एप्रिल-मेमध्ये. सॉफ्टवेअर तपासून झालं, रॅम बदलून झाली. शेवटी झाकण उघडलं. प्रोसेसरवरच्या अल्युमिनियमच्या पात्यांवर पांढराशुभ्र थर, बोटानं उचलला तर सलग निघाला, लहान बाळाच्या दुपट्याएवढा. बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि आत प्रोसेसर दुपटं पांघरून बसलेला. तेव्हापासून माझ्या कराराच्या पहिल्या पानावर ‘सर्व्हरची खोली मागांच्या शेडला लागून नसावी’ हे वाक्य असतं. असेलच, तर दर महिन्याला ब्लोअर मारा. यूपीएसच्या बॅटऱ्याही त्याच थंड खोलीत ठेवा. आपल्या उन्हाळ्यात त्या बाहेर ठेवल्या तर निम्म्या वयात जातात.

प्रश्न: तुम्ही लिहिलं होतं की प्रॉक्समॉक्सचा क्लस्टर (एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या सर्व्हरचा गट) दोन सर्व्हरवरही होतो. आम्ही केला. मेच्या शेवटी, युनिफॉर्मचा सीझन ऐन भरात असताना एक सर्व्हर गेला आणि दुसरा चालू असूनही मशीन सुरू करू देईना. तुमच्यामुळं आमचा अर्धा दिवस गेला. (गारमेंट कारखाना, अशोक चौक परिसर)

कबूल. ‘होतो’ लिहिलं आणि पुढचं वाक्य लिहायचं राहिलं. माफ करा.

क्लस्टर मतांवर चालतो. निर्णयाला बहुमत लागतं, आणि दोघांतलं बहुमत म्हणजे दोनच. एक गेला की उरलेल्याकडं एकच मत, म्हणून तो हात बांधून बसतो. हा हट्ट नाही. मधली केबल तुटली असेल आणि दोघंही जिवंत असतील, तर दोघांनीही ‘दुसरा मेला’ समजून एकच मशीन दोन ठिकाणी चालू केलं की डेटाची माती होते. दोन भाऊ एकाच वेळी एकच दुकान विकायला निघाल्यासारखं.

उपाय स्वस्त आहे. तिसरं मत देणारा छोटा साक्षीदार ठेवा, त्याला क्यूडिव्हाइस म्हणतात. तो एखाद्या रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा स्वस्त संगणक) किंवा गोदामातल्या जुन्या पीसीवर चालतो, त्यानं कुठलंही मशीन चालवायचं नसतं. फक्त तो त्या दोघांच्याच यूपीएसवर नको. आणि दोन सर्व्हरवर सेफच्या भानगडीत पडू नका. डिस्कवर झेडएफएस ही फाइल-व्यवस्था घालून एकाची प्रत दुसऱ्यावर पाठवत राहा. मुळात दर पंधरा मिनिटांनी जाते, ती पाच मिनिटांवर आणता येते. सर्व्हर गेला तर तेवढ्या मिनिटांची बिलं परत टाकावी लागतील, हे काउंटरवरच्या माणसाला आधी सांगून ठेवा.

प्रश्न: आमचा साठ खाटांचा दवाखाना आहे. सीटी आणि एक्स-रेच्या प्रतिमा चार टीबी झाल्या. इथं एक प्रत आहे, दुसरी क्लाउडवर ठेवायची आहे. आमची लाइन १०० एमबीपीएसची. पुरेल का? (डॉक्टर, होटगी रोड)

रोजच्या भरीला पुरेल. पहिल्या खेपेला नाही. एक टीबी म्हणजे ८० हजार सेकंद, साधारण बावीस तास, तेही लाइन पूर्ण वेगानं आणि फक्त याच कामाला लावली तर. चार टीबीला पावणेचार दिवस, आणि दिवसा तुम्ही लाइन अडवणार नाही, म्हणजे रात्री-रात्री करत दीड आठवडा धरा. तरीही करा. पण त्याच्या उलटा हिशोबही आज करून ठेवा: इथलं सगळं जाऊन क्लाउडवरून परत आणायची वेळ आली तर पेशंट बाकावर बसवून चार दिवस थांबणार का? म्हणून जवळची प्रत हवीच. तीन प्रती, दोन वेगळ्या जातीच्या साधनांवर, एक गावाबाहेर, हा जुना नियम अजून मोडीत निघालेला नाही. क्लाउडवाले डेटा आत घ्यायला सहसा पैसे मागत नाहीत, बाहेर काढायला मागतात. करार करताना बाहेर काढायचा दर आधी वाचा.

बाहेरची प्रत ठरावीक मुदतीपर्यंत पुसताच येणार नाही अशी ठेवा. त्याला ऑब्जेक्ट लॉक म्हणतात. खंडणीखोर व्हायरस आधी बॅकअप शोधतो आणि मग डेटाला कुलूप लावतो. तुमच्या सर्व्हरच्या पासवर्डनं क्लाउडवरची प्रत पुसता येत असेल, तर ती प्रत नाही, दुसरा बळी आहे.

आता माझी एक लाजिरवाणी गोष्ट. एका दवाखान्यात रोज रात्री एक वाजता बॅकअप चालायचा आणि सकाळी मला ‘यशस्वी’ असा मेल यायचा. सात महिने. एक दिवस एका जुन्या पेशंटची प्रतिमा मागितली म्हणून बॅकअपची डिस्क उघडली तर ती फेब्रुवारीनंतर कोरी. झालं असं, की सर्व्हर एकदा रीस्टार्ट झाल्यावर बाहेरची डिस्क जोडलीच गेली नव्हती. तिच्या नावाचं रिकामं फोल्डर मात्र जागेवर होतं. स्क्रिप्ट इमानदारीनं त्या फोल्डरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर, बॅकअप लिहीत राहिली आणि जुने पुसत राहिली. मेल खोटं बोलत नव्हता, मी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देत होता. प्रश्नच चुकीचा होता.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. डिस्क खरंच जोडली आहे का हे स्क्रिप्टला आधी विचारायला लावतो. आणि वर्षातून दोनदा, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी आणि पावसाळ्याच्या आधी, बॅकअपमधून पूर्ण मशीन परत उभं करून डॉक्टरांनाच त्यावर एक जुना सीटी उघडायला लावतो. मी उघडला तर मला प्रतिमा दिसते; त्यातलं फुप्फुस बरोबर आहे का हे त्यांनाच कळतं.

लाइन दोन कंपन्यांच्या घ्या, आणि दोन्हींच्या माणसांना ‘तुमची केबल कुठल्या रस्त्यानं येते’ हे विचारा. मी एका ठिकाणी विचारलं नव्हतं. जेसीबीनं एकदाच खोदलं आणि दोन्ही लाइन एका क्षणी गेल्या. खड्ड्यापाशी दोन्ही कंपन्यांची माणसं आली आणि एकच केबल जोडायला लागली. एकानं दुसऱ्याचीच भाड्यानं घेतली होती.

प्रश्न: नागरी सहकारी बँकेत संगणक विभाग बघतो. ऑडिटर म्हणाले, ओपन सोर्स म्हणजे बेवारस सॉफ्टवेअर, उद्या काही झालं तर पकडायचं कुणाला? काय सांगू?

आधी नियम, कारण ऑडिटरला तेच कळतं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये सांगितलं की पेमेंटची पूर्ण माहिती भारतातच साठवायची. ओपन सोर्स वापरू नका असं त्यात नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सगळ्या मशीनची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवावी लागतात. ही घड्याळाची बाब हायब्रिडमध्ये हमखास सुटते. इथला सर्व्हर एक वेळ सांगतो, क्लाउडवरचा दुसरी, आणि चौकशीत कुणी आधी काय केलं तेच लागत नाही. क्लाउड घेतलात तर मुंबई, पुणे, हैदराबाद इथं मोठ्यांची केंद्रं आहेत. प्रत आणि तिचीही प्रत देशाबाहेर जात नाही हे करारात लिहून घ्या.

आता बेवारसपणाचं. पकडायला माणूस हवा असेल तर रेड हॅट, सुसे, कॅनॉनिकल या कंपन्या पैसे घेऊन करार करतातच. पण ज्याच्या मालकाचं नाव पाटीवर आहे ते सॉफ्टवेअर तरी तुमच्या हातात असतं का? ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरची कंपनी घेतली आणि डिसेंबरात कायमच्या लायसन्सची विक्री बंद करून वर्गणी सुरू केली. त्यांचा माल, त्यांचा अधिकार. ओपन सोर्समध्येही असे धक्के बसतात: ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचं (क्लाउडवरची मशीन कोड लिहून उभी करायचं साधन) लायसन्स बदललं. फरक पुढं दिसतो. जुन्या लायसन्सखालचा कोड घेऊन लोकांनी ओपनटोफू उभं केलं आणि ते लिनक्स फाउंडेशनकडं सोपवलं. सेंटओएस या फुकट लिनक्सची आठवी आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये संपली, तेव्हा तिच्या जागी अल्मालिनक्स आणि रॉकी तयार होते. म्हणून निवडताना मी बघतो, की कोड एका कंपनीच्या मुठीत आहे की संस्थेकडं.

ऑडिटर एक खरा प्रश्न विचारू शकले असते, तो मीच सांगतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या डेटा आवळून लहान करणाऱ्या छोट्याशा लायब्ररीत चोरदार सापडलं. दोन वर्षं विश्वास कमावलेल्या एका खात्यानं ते आत सरकवलं होतं. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दुरून सर्व्हरमध्ये शिरायला) नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागं लागला. कोड उघडा होता म्हणून तो तळापर्यंत जाऊ शकला. पण उघडा होता म्हणून कुणी आधी बघितला होता असंही नाही. तेव्हा ऑडिटरना सांगा: कुठलं सॉफ्टवेअर, कुठली आवृत्ती, कुठल्या मशीनवर, याची यादी आमच्याकडं आहे आणि ती दर आठवड्याला तपासली जाते. यादी नसेल तर त्यांना काही सांगू नका, आधी यादी करा.

प्रश्न: मी तिसऱ्या वर्षाला आहे. कुबरनेटिस शिकलो की सोलापुरात नोकरी मिळेल का?

नुसत्या कुबरनेटिसवर इथं अवघड. कुबरनेटिस म्हणजे कंटेनर (प्रोग्रॅमची सुटी गाठोडी) अनेक मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर. गूगलनं २०१४ मध्ये ते बाहेर काढलं, पुण्यात आणि हैदराबादेत त्याला मागणी आहे, आणि ज्या प्रोग्रॅमचे तुकडे रोज बदलतात तिथं त्याला तोड नाही. आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांत ईआरपी एका मशीनवर वर्षानुवर्षं तसाच चालतो, त्याला कंटेनरची मोळी बांधून काय करणार?

आधी लिनक्स आणि नेटवर्क. आयपी, रूटिंग, डीएनएस हे हातानं करता आलं पाहिजे, व्हिडिओ थांबवून नव्हे. मग एक जुना पीसी घे, त्यावर प्रॉक्समॉक्स टाक, आत तीन व्हर्च्युअल मशीन कर आणि त्यांचा क्लस्टर बांध. तो बांधला की मुद्दाम मोड. मशीन चालू असताना केबल काढ, डिस्क भरून टाक, घड्याळ एक तास पुढं कर, आणि काय-काय बिघडलं ते वहीत लिही. नंतर तेच सगळं अन्सिबलनं (सर्व्हरची मांडणी आपोआप करणारं साधन) परत उभं कर. ती वही घेऊन माझ्याकडं एक मुलगा आला होता, मी त्याला गुण विचारलेच नाहीत. पीसी घेताना १६ जीबी रॅमवर समाधान मानू नकोस, ३२ बघ. आणि घरी पाण्याच्या टाकीच्या मोटारीच्याच बोर्डावर तो जोडू नकोस.